जिवंत लोखंडाचे श्राद्ध

“अहो, हे भंगार कशाला जपून ठेवलेत? वजनावर घालवा आणि नवे घ्या. सरकार अनुदान देते आहे!” हा उपदेश आजकाल आमच्या कणकवली तालुक्यात इतक्या सढळ हाताने वाटला जातो, की दिवाळीच्या फराळाचे ताटही त्यापुढे कंजूष वाटावे. उपदेश करणारे निरनिराळे असतात. कधी चतुर्थीला मुंबईहून आलेला पुतण्या, कधी विक्रेत्याचा माणूस, कधी गावातलाच एखादा शहाणा. विषय मात्र एकच: मांगराच्या कोपऱ्यात गोणपाट पांघरून बसलेला जुना पावर टिलर.

या उपदेशाला न जुमानणारे काही थोडे लोक आमच्या तालुक्यात आहेत. कोणी एस. टी.तून निवृत्त झालेला मेकॅनिक, कोणी पोस्टातला कारकून, कोणी आंबा-काजूचा बागायतदार. रविवार उजाडला की हे लोक जुना टिलर उघडतात, त्याचा एकेक भाग रॉकेलात नाहीतर डिझेलात धुतात, पुसतात, पुन्हा जुळवतात आणि संध्याकाळी काळ्या हातांनी, पण उजळ चेहऱ्याने घरी जातात. गाव त्यांना रिकामटेकडे म्हणतो. त्यांच्या वतीने भांडायला आज मी उभा आहे. मी शाळामास्तर, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. मॅट्रिकपलीकडे माझी मजल गेलेली नाही आणि यंत्रशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. परंतु जे डोळ्यांना धडधडीत दिसते, त्याविषयी बोलायला पदवी कशाला हवी?

माझे म्हणणे थोडक्यात असे. ज्या मुलखात यंत्र विकत घेणारे पुष्कळ आणि ते उघडून पाहणारे कोणीच नाहीत, तो मुलूख यंत्रयुगात आला असे म्हणता येणार नाही. तो फक्त गिऱ्हाईक झाला. आणि गिऱ्हाइकाचे शेत दुसऱ्याच्या मर्जीवर पिकते.

आता हे यंत्र कोठल्या कुळातले, ते सांगतो. १९१२ साली ऑस्ट्रेलियात आर्थर हॉवर्ड नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाने फिरत्या पात्यांनी जमीन कुरतडण्याची कल्पना काढली. आज आपण ज्याला रोटाव्हेटर म्हणतो, त्याचा हा मूळपुरुष. १९१६ साली अमेरिकेत बेंजामिन ग्रेव्हली याने मागून चालत हाकायच्या छोट्या यांत्रिक नांगराचे पेटंट घेतले. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे घरामागच्या बागेसाठी लहान ट्रॅक्टरांची रीघच लागली. १९६१ साली ‘कब कॅडेट’ आला, १९६३ साली जॉन डिअर कंपनीचा ‘११०’ आला. जपानने आपल्या भाताच्या चिखलासाठी दोन चाकांचा टिलर घडवला, आणि तोच आपल्याकडे आला. १९६७ साली बंगळूरला व्ही. एस. टी. कंपनी स्थापन झाली व मित्सुबिशीच्या सहकार्याने टिलर बनवू लागली. १९७३ साली केरळात अथाणी येथे कॅमको निघाली, तिला कुबोटाचे सहकार्य होते. आमच्या मांगरातला टिलर हा त्या विलायती बागेच्या ट्रॅक्टराचा सख्खा नसला तरी चुलतभाऊ खासच!

तिकडचे लोक आपले पन्नास-साठ वर्षांचे बागेचे ट्रॅक्टर कसे वागवतात? ते शोधून आणतात, गंज खरवडतात, मूळच्या रंगाने रंगवतात, त्यांची प्रदर्शने भरवतात. इंग्लंडात आणि अमेरिकेत त्यांची मंडळे आहेत. तेथे या यंत्राने काय करायचे असते? हिरवळ कापायची, फार तर भाजीचा वाफा नांगरायचा. आमच्याकडे त्याच्या भावाने वर्षाचा भात पिकवायचा असतो! हौसेसाठी राबणाऱ्याला तिकडे कौतुक, आणि पोटासाठी राबणाऱ्या यंत्राला जगवणारा इकडे वेडा? हा कोठला न्याय?

कोकणातली जमीन ज्याने पाहिली आहे, त्याला सांगायला नको. आमचे कुणगे म्हणजे डोंगराच्या अंगावर घातलेल्या पायऱ्या. एका मेरेवरून दुसऱ्या मेरेवर उतरायचे. दीड-दोन टनांचा मोठा ट्रॅक्टर तेथे आत शिरला तर वळायला जागा नाही, आणि वळला तर मेर शिल्लक नाही. चारशे किलोंच्या आसपासचा टिलर मात्र दोन माणसांच्या हिकमतीने या कुणग्यातून त्या कुणग्यात जातो. बैलांचे जोत आता वाडीत एखादे, तेही म्हाताऱ्या मालकाच्या मायेवर उभे. महिन्याभराच्या कामासाठी बारा महिने वैरण घालणे कोणालाच परवडत नाही. म्हणजे बैल गेला, मोठा ट्रॅक्टर येत नाही. मध्ये उरला टिलर. तो बंद पडला की कुणगा पड पडतो. एक वर्ष पड पडला की तण, दोन वर्षांनी झुडपे, आणि मग मुंबईचा पुतण्या विचारतो, “काका, ही जमीन विकायची का?”

खरा प्रश्न हा आहे. टिलर काही माघ महिन्यात बंद पडत नाही. तो बंद पडतो ऐन मृगात-आर्द्रात. तरवा तयार झालेला, बाहेर धो धो पाऊस, लावणीला बायका सांगितलेल्या, चिखलणी अर्धी झालेली. आणि टिलर एक उचकी देऊन गप्प. विक्रेत्याला फोन करा. उत्तर येते: माणूस चार दिवसांनी येईल, भाग मागवावा लागेल. तरवा चार दिवस थांबतो, आठ दिवस थांबतो. मग तो वयातीत होतो आणि त्याबरोबर वर्षही हातचे जाते. अशा रात्री प्लास्टिकच्या कागदाखाली बॅटरी धरून नोझल काढणारा आणि पहाटे इंजिन पुन्हा फुटफुटवणारा माणूस कोण असतो? ज्याला आपण रविवारी रिकामटेकडा म्हणालो तोच! रविवारी जे हात शिकले, तेच आषाढात उपयोगी पडतात. त्याचा छंद म्हणजे साऱ्या वाडीची पेढीवर ठेवलेली ठेव आहे.

या छंदात जादू काहीच नाही. आहे ती शिस्त आणि सबुरी. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, शिवाय हवेत समुद्राचे मीठ. चिखलणीत गाळ चाकाच्या आसाशी जातो, तेथले सील झिजते, पाणी गिअरपेटीत शिरते, आणि तेल ताकासारखे पांढरे होते. ते पांढरे तेल वेळीच ओळखून बदलले व शेदोनशे रुपयांचे सील घातले, तर गिअर वाचतात. नाही ओळखले तर हजारोंचा भुर्दंड. वर्षानुवर्षे बंद असलेल्या इंजिनाचा पिस्टन धरून बसलेला असतो. अडाणी माणूस घण घालतो आणि यंत्र खरोखरच मारतो. जाणता माणूस नोझल काढून सिलिंडरात थोडे डिझेल ओततो, तीन-चार दिवस काही करत नाही, आणि मग चक्र हाताने मागे-पुढे हळूहळू हलवून पाहतो. मग हवेची गाळणी धुणे, टाकीतले पाणी काढणे, पट्ट्याचा ताण पाहणे, पात्यांवरचे झाकण नीट बसवणे. हे शेवटचे काम आधी करावे आणि रंग नंतर द्यावा. कारण उघड्या पात्यांना माणसाचा पाय आणि चिखल यांतला फरक कळत नाही.

आता विरोधकांचे आक्षेप घेऊ. म्हणतात, जुन्याचे भाग मिळत नाहीत. काही मिळत नाहीत हे खरे. पण का मिळत नाहीत? आपण भाग देणारे यंत्रच वजनावर घातले म्हणून! ज्याचा ब्लॉक फुटला, क्रँक मोडला, ते यंत्र चालवायचा हट्ट मी धरणार नाही. पण त्याची चाके, त्याचे गिअर, त्याचा पंप दुसऱ्या तिघांना जगवतील. म्हणतात, जुने इंजिन धूर फार ओकते. घाण नोझल आणि झिजलेल्या रिंगा धूर ओकतात, त्या बदला. नवे यंत्र हलके, कमी हादरणारे, सहज सुरू होणारे असते हे मी मोकळेपणाने कबूल करतो. ज्याला ते घ्यायचे त्याने अवश्य घ्यावे. माझे भांडण नव्याशी नाही. चालण्याजोग्याला मेलेले ठरवण्याशी आहे.

आणि अनुदान! २०१४-१५ पासून केंद्राची शेती यांत्रिकीकरणाची योजना चालू झाली. तीत नव्या यंत्राच्या किमतीवर चाळीस ते पन्नास टक्के साहाय्य मिळते. चांगली गोष्ट आहे. पण हे साहाय्य खरेदीला आहे. जुन्या टिलरला जीवदान देण्यासाठी पाच-सात हजार हवे असतील, तर ते मात्र शेतकऱ्याने आपल्या खिशातून काढावेत! लाखाच्या वरच्या खरेदीला टेकू आणि हजारांच्या दुरुस्तीला वाटाण्याच्या अक्षता. जो राजा नवी विहीर खणायला मोहरा देतो आणि जुन्या विहिरीचा गाळ काढायला दिडकी देत नाही, त्याच्या राज्यात विहिरी पुष्कळ होतील, पाणी होईलच असे नाही.

१९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी पहिले नांगर विकायला त्यांना दोन वर्षे लागली. तेव्हा आपल्याला नव्याची भीती होती. आता जुन्याची लाज वाटते. दोन्ही वेळी यंत्र उघडून, समजून घेण्याचे कष्ट आपण टाळलेच!

घरातल्या माउलींना मात्र माझे म्हणणे लगेच पटेल. जुन्या लुगड्याची गोधडी शिवणारी, पितळेच्या पातेल्याला कल्हई लावून घेणारी, पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावून घेणारी बाई कधी कोणाला वेडी वाटली नाही. ती संसार राखणारी ठरली. तिच्या नवऱ्याने टिलरला नवे सील घातले, की तो वेळ घालवणारा कसा ठरतो?

आणि कणकवलीने तरी ही गोष्ट विसरू नये. याच गावाजवळ १९४८ साली अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी आश्रम उभारला. मेलेल्या गुराचे कातडे, हाडे, इतकेच काय, माणसाचा मैलासुद्धा टाकाऊ नाही, त्याचे सोने करता येते, हे त्या माणसाने स्वतःच्या हातांनी काम करून दाखवले. आणि असल्या कामाला हलके मानणाऱ्या समाजाच्या तोंडावर ते दाखवले. त्या मातीत राहून आपण काळ्या तेलाच्या हातांना हसावे?

जग कोणीकडे चालले आहे तेही पाहा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने शेतकऱ्याला आपले यंत्र स्वतः दुरुस्त करता यावे, म्हणून २०२३ साली कायदा केला. तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. आपल्या केंद्र सरकारनेही जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करायला समिती नेमली, आणि तिच्या विषयांत शेतीची यंत्रे होती. पण हक्क मिळाला तरी तो बजावायला हात लागतात. पाना कोणत्या बाजूने फिरवायचा हे ठाऊक नसलेल्याला दुरुस्तीचा हक्क देणे म्हणजे निरक्षराला ग्रंथालयाची किल्ली देणे होय.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. नव्याला जसे अनुदान, तसे दुरुस्तीलाही थोडे मिळावे. नवा टिलर घेताना शेतकऱ्याने रंग पाहण्याआधी भागांचे पुस्तक मागावे, आणि भाग कोठे मिळतात ते लिहून घ्यावे. शाळांनी वर्षातून दोन दिवस मुलांना एक जुने इंजिन उघडू द्यावे. हात काळे झाले तर साबण मी देईन. आणि गावातल्या त्या रविवारच्या वेड्यांना आपण हसणे बंद करून एखादा पोरगा मदतीला द्यावा. त्यांच्याबरोबर त्यांची विद्या गेली, तर ती विकत आणायला दुकान नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला आपण औजारांना झेंडू वाहतो, हळदकुंकू लावतो, हात जोडतो. आणि तीन आठवड्यांनी, दिवाळीच्या साफसफाईत, तेच औजार भंगारवाल्याच्या काट्यावर चढवतो! यापेक्षा फूल न वाहिलेले बरे. लोखंडाला झेंडू कळत नाही. त्याला तेल आणि ग्रीस कळते. तेव्हा वाचकहो, फराळ झाला की मांगरात जा. गोणपाट बाजूला करा. सिलिंडरात थोडे डिझेल ओता आणि चार दिवस वाट पाहा. भाऊबीज संपेपर्यंत पिस्टन सुटला असेल. नाही सुटला, तर त्या रविवारच्या वेड्याला चहाला बोलवा. तो नक्की येईल, आणि येताना पाने घेऊन येईल.