हुबेहूब हाताची भीती

महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’मधल्या तात्या विंचूच्या बाहुल्याला १९९३ साली घाबरलेली मुले आज चाळिशीत आहेत. तो बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवलेला. त्यांचेच अर्धवटराव मात्र लहानथोरांना हसवत आले. हा बाहुला आहे, हे अर्धवटरावांकडे पाहताना पक्के ठाऊक असते. तात्या विंचूपाशी जिवंत की निर्जीव, हा संशय मिटत नाही. शेतातले बुजगावणेही दिवसा गमतीचे, पण तिन्हीसांजेला त्याच्याजवळून जाताना पाय उचलतोच.

नवजात बाळही चेहऱ्यासारख्या आकृतीकडे जास्त वेळ पाहते. माणूस ओळखण्याची मेंदूची सवय इतकी जुनी आहे. म्हणूनच बहुधा, जवळजवळ माणूस पण पुरता नाही, असे काही दिसले की तो बिचकतो. कारणांबाबत तज्ज्ञांत अजून मतभेद आहेत. मासाहिरो मोरी या जपानी संशोधकाने १९७० साली याला दरीची उपमा दिली. यंत्र माणसासारखे होत जाते तसे आवडू लागते, आणि अगदी हुबेहूब होण्याच्या जरा अलीकडे एकदम नकोसे वाटते. चाकणच्या कारखान्यांत वेल्डिंग करणाऱ्या रोबोला कोणी भीत नाही, कारण तो माणसाचे सोंग घेत नाही.

मोरींनी उदाहरण दिले होते ते कृत्रिम हाताचे. दिसायला खरा, हातात घेतला की गार. आम्हा ताथवड्याच्या डॉक्टरांना ते लगेच पटते. पॉवर प्रेसवर हात गमावलेले कामगार आमच्याकडे येतात. एकाने नखे-शिरांसकट कातडीच्या रंगाचा हात बसवून घेतला. त्याची धाकटी मुलगी तो हात धरीना. दुसऱ्याने साधा आकडा बसवला. गल्लीतली पोरे त्याला “काका, उघडून दाखवा ना” म्हणत मागे लागतात!

माझे मत स्पष्ट आहे. “चारचौघांत बरे दिसेल” म्हणून घरच्यांनी दिखाऊ हाताचा आग्रह धरू नये. निवड ज्याचा हात गेला त्याची. जयपूर फूट खेड्यापाड्यांत रुजला, तो अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते म्हणून.

हीच दरी कधी घरातही पडते. कंपवातात चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, पापण्या कमी लवतात, चेहरा मुखवट्यासारखा होतो. “हे हल्ली दगडासारखे बघतात, माझ्यावर राग धरलाय,” अशी तक्रार बायका माझ्याकडे घेऊन येतात. आत माया तशीच असते, फक्त ती चेहऱ्यावर उमटत नाही. त्यातच अक्षर बारीक होऊ लागले असेल, चालताना एक हात हलत नसेल, तर भांडण बाजूला ठेवून त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्यावे. औषधांनी पुष्कळदा चेहराही थोडा सैलावतो.