सोमवारी लावा, शुक्रवारी वाचा

दादाच्या मानेची कातडी बैलाच्या खांद्यासारखी जाड झाली होती. मूर्तिजापूरजवळ आमचं वावर आहे, ते तोच पाहतो. पापण्या सुजलेल्या, मानेच्या घड्या काळ्या पडलेल्या, कोपराच्या खोबणीत खाजवून खाजवून रक्त. गावात सुई घेतली की पंधरा दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. अशी सहा वर्षं गेली.

शेवटी पुतण्यानं एका लॅबमध्ये रक्ताचं ‘ॲलर्जी पॅनल’ करून घेतलं. काही हजार रुपये गेले आणि कागदावर वांगं, शेंगदाणा, धूळ अशी नावं आली. दादानं दीड वर्ष वांग्याची भाजी तोंडात घातली नाही. खाज तसूभर हलली नाही.

माझा राग आहे तो इथे. रक्ताची ती तपासणी आयजीई नावाचं प्रतिद्रव्य शोधते. त्याची ॲलर्जी काही मिनिटांत शिंका, गांधी, धाप अशी दिसते. स्पर्शातून येणारा इसब वेगळा. त्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी पदार्थ ओळखतात आणि एक-दोन दिवसांनी कातडीवर उठतात. तो रक्तात सापडत नाही, कातडीवरच पाहावा लागतो. योसेफ यादासोन या डॉक्टरांनी 1895 मध्ये मांडलेली पॅच टेस्ट आजही त्यासाठीच वापरतात. इसबाच्या रुग्णाला पॅनल लिहून देताना हे सांगायला नको?

पुढे अकोल्याला एका त्वचारोगतज्ज्ञांनी दादाची पॅच टेस्ट केली. आधी त्यांनी स्टेरॉइडच्या सुया आणि गोळ्या थांबवायला लावल्या, कारण स्टेरॉइड अंगात असलं की ॲलर्जी असूनही चाचणी कोरी येऊ शकते. मग सोमवारी पाठीवर 8 मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या चिमुकल्या वाट्या चिकटपट्टीनं लावल्या. एकीत निकेल, एकीत सिमेंटमधलं क्रोमेट, एकीत केसांच्या काळ्या रंगातलं रसायन, एकीत टिकलीच्या गोंदातलं राळेसारखं द्रव्य, एकीत गाजरगवताचा अर्क. भोवती पेनानं खुणा. “मास्तर, पोळ्याच्या बैलावानी पाठ रंगवली माह्यी,” दादा म्हणाला. दोन दिवस पाठीला पाणी नाही, घामाचं काम नाही. अकोल्याच्या मे महिन्यात ही पट्टी टिकायची नाही, म्हणून आम्ही हिवाळ्यात गेलो.

बुधवारी पट्ट्या काढल्या तेव्हा एका ठिकाणी नुसती फिकट लाली होती. शुक्रवारी तीच जागा फुगून वर आली आणि तिच्यावर बारीक पाण्याचे फोड उठले. गाजरगवत! बुधवारीच वाचून घरी पाठवलं असतं तर ‘शंकास्पद’ एवढंच लिहून आलं असतं. नुसत्या चुरचुरीची लाली बहुधा ओसरत जाते, ॲलर्जीची चढत जाते. म्हणून दुसरं वाचन सोडायचं नसतं.

पुण्यात 1955 च्या सुमारास नोंदलेलं हे गवत आज आमच्या धुऱ्याधुऱ्यावर आहे. त्याचे वाळलेले कण वाऱ्यानं उडून पापणीवर बसतात, हात लावायचीही गरज नाही. म्हणून चाचणीसाठी पदार्थांचा कोणता संच वापरला हेही विचारा. युरोपातल्या संचात या कुळातल्या वनस्पतींसाठी जे मिश्रण असतं, त्यात आपल्याकडचे गाजरगवताचे बरेच रुग्ण निसटतात. गवताचाच अर्क असलेला भारतीय संच हवा. आणि कोणी घरी पान चुरून हातावर बांधू नका. त्यानं कातडी भाजू शकते, नसलेली ॲलर्जी जडूही शकते. बिब्ब्याचं तर नावच नको.

माझी मागणी छोटी आहे. अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि अमरावतीचं इर्विन रुग्णालय, दोन्हीकडे या चाचणीचे वार बाहेर फलकावर लिहिलेले असावेत: सोमवारी लावणे, बुधवारी काढणे, शुक्रवारी वाचणे. रोजमजुरी बुडवून तीनदा येणाऱ्याला एसटीचं भाडं मिळावं. नाहीतर तो शुक्रवारी येणार नाही, आणि निदान तर शुक्रवारीच होतं.

दादाच्या मानेला आता मलमांनी आणि गोळ्यांनी उतार आहे. धुऱ्यावरचं गवत फुलोऱ्याच्या आधीच पुतण्या उपटतो, हातमोजे घालून. दादा तेवढे दिवस घरी थांबतो आणि दोन्ही वेळा वांग्याची भाजी मागतो.