मुलींच्या पाळीचा हिशेब



मुलीची पाळी चुकली की आपल्याकडे दोनपैकी एक होते. घरातल्या मोठ्या बायका "लग्नानंतर होते सगळे ठीक" म्हणून विषय मिटवतात, नाहीतर आई घाबरून सोनोग्राफी करवते आणि पोरीवर 'पीसीओडी'चा शिक्का बसतो. मला दोन्ही पटत नाही.

आधी हिशेब समजून घेऊ. पाळी सुरू झाल्यावर पहिले वर्ष ती मागेपुढे होणारच. पुढची दोन वर्षे २१ ते ४५ दिवसांचे अंतर चालते. त्यानंतर ते २१ ते ३५ दिवसांत बसायला हवे. ९० दिवसांहून मोठा खंड पडला, रक्तस्राव सात दिवसांहून जास्त चालला किंवा पंधरावे वर्ष पूर्ण होऊनही पाळी आली नाही, तर डॉक्टरकडे जायचे.

परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी केली होती. ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. एका निकषाने २२.५ टक्के मुलींना पीसीओएस निघाला, दुसऱ्या कडक निकषाने १०.७ टक्के. मुली त्याच, माप बदलले! म्हणूनच पाळी सुरू होऊन आठ वर्षे होईपर्यंत नुसत्या सोनोग्राफीवर हे निदान करू नये, असे आता तज्ज्ञ सांगतात. आणि त्रास असलेल्या बहुतेक मुली लठ्ठ नव्हत्या. तेव्हा "आमची तर सडपातळ आहे" म्हणून निर्धास्त राहू नका.

पाळीचा हुकूम मेंदूतून सुटतो. पोटाला कमी मिळाले, वजन भराभर उतरले, परीक्षेचा ताण वाढला की मेंदू तो हुकूम रोखतो. उलट वजन फार वाढले तर इन्सुलिन वाढते आणि बीज वेळेवर सुटत नाही. आता आपल्या पनवेलच्या मुलींचा दिवस बघा. सकाळी उपाशीपोटी कॉलेज, मग क्लास, रात्री दहाला जेवण, एकपर्यंत मोबाईल. आपला चौविहार इथे किती उपयोगाचा आहे! लवकर जेवण, लवकर झोप. तो पाळता आला नाही तरी निदान आठला ताट वाढा. ताटात डाळ, नाचणी, तीळ, खजूर असू द्या, वर लिंबू पिळा आणि जेवणाबरोबर चहा नको.

आता थोडे कटू बोलते. देशात १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींच्या अंगात रक्त कमी आहे. अशा मुलीला वरघोड्याच्या कौतुकासाठी अठ्ठाई करायला लावू नये. तत्त्वार्थसूत्रातही तप शक्तीनुसारच सांगितले आहे. तिची शक्ती किती, ते हिमोग्लोबिन बघून ठरवा. पूजेसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी तर दुकानातून परस्पर आणून मुळीच देऊ नका. अंतराय आला तर ती घरी बसून नवकार म्हणेल. भावपूजेला कोण अडवणार?

मी बी.कॉम. झालेली बाई, मला नोंद नसलेला व्यवहार आवडत नाही. दुधाचे खाडे आपण कॅलेंडरवर मांडतोच ना? तिथेच मुलीच्या पाळीची तारीखही मांडा. सहा महिन्यांच्या तारखा हातात असल्या की डॉक्टरांनाही सोपे जाते आणि मुलीलाही कळते की यात लपवण्यासारखे काही नाही.