पोंग्यातला चोर

परवा एक मुलगा काड्यापेटीत अळी घेऊन वर्गात आला. "बाई, हिनं आमचा मका खाल्ला! बाबा आज औषध मारणार आहेत."

आम्ही भिंगातून पाहिलं. डोक्यावर उलटा इंग्रजी 'वाय' आणि शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके. झाली की ओळख! ही अमेरिकन लष्करी अळी. भारतात ती प्रथम २०१८ साली कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही आली.

मोठी अळी पोंग्यात लपते. वरवर मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. उलट तिची अंडी खाणारे आपले मित्र, ढालकिडे, मात्र मरतात.

मग करायचं काय? घरच्यांबरोबर सकाळी शेतात चक्कर मारा. पानांवर भुरकट लव पांघरलेले अंड्यांचे पुंजके शोधा. एकेका पुंजक्यात शंभर-दोनशे अंडी असतात! पुंजका चुरडला की तेवढ्या अळ्या कमी. अळ्या लहान असतानाच पाच टक्के निंबोळी अर्क फवारतात.

फवारणी मात्र मोठ्यांचं काम. त्या वेळी तुम्ही बांधावरही थांबायचं नाही, बरं का! तुमचं काम डोळ्यांचं. रविवारी मोजा आणि वहीत लिहा: किती पुंजके, किती ढालकिडे?