डाव्या पायाचे काम

संपादक मंडळाने यंदाही माझ्याकडे लसीकरणावरच लेख मागितला होता. त्या विषयावर या स्मरणिकेत मी इतक्या वेळा लिहिले आहे की, माझे नाव दिसताच वाचक पान उलटतात, याची मला कल्पना आहे. म्हणून या वर्षी संपादकांची क्षमा मागून मोटारगाडीवर लिहितो. विषय वैद्यकीय नाही, असे मात्र मी म्हणणार नाही.

बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद आणि कलबुर्गी या टापूतील आपल्या डॉक्टर मंडळींचे आयुष्य बरेचसे रस्त्यावर जाते. आठवड्यातून एखादा दिवस तालुक्याच्या गावी बाह्यरुग्ण तपासणी, कधी सोलापूर, लातूर वा हैदराबाद येथील परिषद, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायचा असल्यामुळे त्याच रात्री परतीचा प्रवास. गाडी बहुधा आपण स्वतःच चालवतो. अशा माणसाने कोणती गाडी घ्यावी, हा हौसेचा प्रश्न राहत नाही.

अलीकडे आपल्या अंगणांत उंच, अवजड एसयूव्ही उभ्या राहू लागल्या आहेत आणि त्यांतील पुष्कळशा स्वयंचलित गिअरच्या आहेत. माझे मत याच्या उलट आहे. आपल्या भागात स्वतः गाडी हाकणाऱ्या डॉक्टरने लहान आकाराची, अंगात चपळाई असलेली आणि हाताने गिअर टाकण्याची गाडी घ्यावी. ‘या वयात स्पोर्टी गाडी?’ असे आमचे एक ज्येष्ठ शल्यचिकित्सक मित्र मला विचारतात. स्पोर्टी या शब्दावर मोटार कंपन्यांनी लाल पट्टे आणि काळी चाके चिकटवून ठेवली आहेत, त्यामुळे त्यांचा गैरसमज होणे स्वाभाविक आहे.

बिदरहून कलबुर्गीला जाणारा रस्ता हुमनाबादला सोलापूर-हैदराबाद महामार्ग ओलांडतो. हा महामार्ग पूर्वी 9 क्रमांकाचा होता, आता 65 आहे. तो रुंद, चौपदरी रस्ता सोडून आत वळले की दोन गाड्या जेमतेम शेजारून जातील एवढी वाट. खाली काळी जमीन. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचे डांबर तिच्याबरोबर लाटांसारखे वरखाली होते. साखर कारखान्यांच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर मागच्या दिव्यांवाचून चाललेले असतात. त्यांच्या मागे ताशी पंचवीस किलोमीटरने रांगत राहायचे आणि समोरचा रस्ता मोकळा दिसताच झटकन पुढे निघायचे. समोरून येणाऱ्या बाजूला आपण किती सेकंद राहतो, यावर येथे आयुष्य अवलंबून असते.

आता यंत्राकडे पाहू. आपल्यापैकी अनेकांची पहिली गाडी मारुती 800 होती. तिच्या चार गिअरांतून आपण एवढे शिकलो की, पुढे निघण्याआधी खालचा गिअर टाकून ठेवायचा. त्या काळी माझे मन मात्र 2001 साली आलेल्या फियाट पॅलिओच्या 1.6 लिटर जीटीएक्सवर जडले होते. शंभर अश्वशक्तीची ती छोटी गाडी जितकी चपळ तितकीच पेट्रोलची खादाड होती, आणि नव्याने दवाखाना थाटलेल्या माणसाला ती परवडण्यासारखी नव्हती. पुढे चाकणच्या कारखान्यातून निघालेली फोक्सवॅगन पोलो जीटी अनेकांना मोहवून गेली. तिचे उत्पादन 2022 मध्ये थांबले. 2023 साली ह्युंदाईने आय-ट्वेंटी एन लाइनला खराखुरा सहा गिअरांचा मॅन्युअल दिला. त्याआधी तिच्यात क्लच पेडल नसलेली आयएमटी ही मधली सोय होती. 2024 च्या जूनमध्ये टाटांची अल्ट्रोझ रेसर सहा गिअरांच्या मॅन्युअलमध्येच बाजारात आली.

या दोन्ही गाड्या 120 अश्वशक्तीच्या आहेत, परंतु मी तो आकडा पाहत नाही. इंजिनाची ओढ, ज्याला टॉर्क म्हणतात, ती किती आणि कोणत्या फेऱ्यांना मिळते हे पाहतो. अल्ट्रोझ रेसरमध्ये 170 न्यूटन मीटर ओढ 1750 फेऱ्यांपासून मिळते, आय-ट्वेंटी एन लाइनमध्ये 172 न्यूटन मीटर 1500 पासून. त्याच 2024 साली आलेल्या नव्या स्विफ्टमध्ये ती सुमारे 112 असून 4300 फेऱ्यांना पूर्ण होते. स्विफ्ट हलकी आणि गुणी गाडी आहे, पण ट्रॅक्टरमागून निघताना इंजिनाला ओरडायला लावावे लागते. टर्बोवाल्या गाडीत तिसरा गिअर टाकला की काम होते. शून्यापासून शंभराचा वेग किती सेकंदांत येतो, हे आपल्याला काय करायचे आहे? आपल्याला चाळिसापासून ऐंशीपर्यंतचे सेकंद हवेत, आणि ते कंपनीच्या माहितीपत्रकात सहसा छापलेले नसतात.

हे काम स्वयंचलित गाडी करीत नाही काय? करते, आणि महागड्या गाडीत उत्तम करते. परंतु 2014 पासून सेलेरिओच्या निमित्ताने आपल्याकडे रूढ झालेल्या स्वस्त एएमटी प्रकारात गिअर बदलताना गाडी क्षणभर श्वास रोखते. नेमका तोच क्षण समोरच्या बसचा असतो. मॅन्युअलमध्ये निर्णय आधी आपण घेतलेला असतो, गिअर आधीच पडलेला असतो. उतारावर, ओल्या रस्त्यावर खालचा गिअर टाकून इंजिनाच्या बळावर वेग आवरता येतो. डावा पाय आणि डावा हात कामात असले की नजरही रस्त्यावर राहते आणि भ्रमणध्वनीला हात रिकामा सापडत नाही. निदान माझा तरी अनुभव असा आहे.

येथे एक कबुली द्यायला हवी. काही वर्षांपूर्वी हैदराबादच्या परिषदेवरून रात्री परतताना जहीराबादच्या पुढे माझा डोळा लागला. चाके डांबर सोडून कडेच्या मुरुमावर गेली आणि त्या आवाजाने जाग आली. गाडी मॅन्युअलच होती! सरळ चौपदरी रस्ता, तासभर पाचवा गिअर. डाव्या पायाला काम उरले नव्हते. ताशी ऐंशीच्या वेगाने गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे सहासष्ट मीटर आंधळा प्रवास. तेव्हा मॅन्युअल गाडी झोपेवरचा उतारा आहे, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. रात्रभर नवजात अर्भकाच्या उशाशी बसलेल्या डॉक्टरने दुसऱ्या रात्री गाडी हाकूच नये. भाड्याचा चालक घ्यावा किंवा सोलापुरात मुक्काम करावा. ज्यांचा डावा गुडघा कुरकुरतो, ज्यांना रोज बिदरच्या चौबाऱ्यातून वा कलबुर्गीच्या सुपर मार्केटच्या गर्दीतून क्लच दाबत जावे लागते, त्यांनीही खुशाल स्वयंचलित घ्यावी. त्या गल्ल्यांत लहान आकाराचा फायदा मात्र त्यांनाही आहेच.

आता बालरोगतज्ज्ञ म्हणून ज्याची मला सर्वांत अधिक काळजी वाटते ते सांगतो. चपळ गाडी घेणाऱ्याने प्रथम तिचे थांबणे पाहावे. वेग ऐंशीवरून शंभरावर नेला तर तो एक चतुर्थांशाने वाढतो, पण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दीडपटीहून अधिक होते. 2014 च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातील पाच छोट्या गाड्यांची धडक चाचणी केली, त्यांत एअरबॅग नसलेल्या पोलोलाही एकही तारा मिळाला नाही. कंपनीने ती आवृत्ती मागे घेतली आणि दोन एअरबॅगवाल्या पोलोला मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी चार तारे मिळाले. गाडीचे नाव तेच, फरक आवृत्तीचा. 2020 साली अल्ट्रोझला पाच तारे मिळाले, त्याची जाहिरात आपण सर्वांनी पाहिली. लहान मुलांच्या सुरक्षिततेचे तारे तीनच होते, हे किती जणांनी वाचले? 2022 साली दोन एअरबॅगवाल्या आय-ट्वेंटीला मोठ्यांसाठी तीन आणि मुलांसाठीही तीनच तारे मिळाले होते. 2023 पासून आपल्या देशाची स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली आहे. गाडी घेताना त्या आवृत्तीचा ताजा निकाल मागावा आणि मुलांचा रकाना स्वतंत्र वाचावा.

दवाखान्यासमोर थांबणाऱ्या गाड्यांत मी रोज पाहतो, मूल पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर असते. ताशी पन्नासच्या वेगाने जाणारी गाडी दशांश सेकंदात थांबली, तर दहा किलोचे बाळ सुमारे एकशे चाळीस किलोच्या जोराने हातांतून निसटते. कोणत्या माऊलीचे हात ते धरू शकतील? मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर एक हजार रुपये दंड ठेवला आहे. पावती फाडली गेल्याचे मात्र आजवर एकाही पालकाने मला सांगितलेले नाही. आणि आपली डॉक्टर मंडळी तरी काय करतात? सनरूफसाठी जादा पैसे मोजणाऱ्या तरुण सहकाऱ्याला ‘बालआसन घेतलेत का?’ असे विचारले, तर तो संकोचाने हसतो.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. स्पोर्टी गाड्यांना मोठी चाके आणि पातळ कडेचे टायर असतात. आपल्याकडच्या खड्ड्यांत आणि गावोगावच्या रंग न दिलेल्या गतिरोधकांवर त्यांच्या कडा फुगतात. देखण्या चाकांऐवजी जाड कडेचे टायर मिळत असतील तर तेच घ्यावेत.

गेल्या महिन्यात मी स्वतः गाडी पाहायला गेलो. विक्रेता मुलगा आपल्याकडच्या दख्खनी बोलीत म्हणाला, ‘‘साब, गिअर की गाडी अब कौन लेता?’’ चाचणीसाठी मॅन्युअल गाडी दुसऱ्या गावाहून मागवावी लागेल असे त्याने सांगितले. आठ दिवसांनी ती आली. तिसऱ्या गिअरमध्ये चाळिसावरून ऐंशीपर्यंत नेऊन पाहिली, रिकाम्या रस्त्यावर दोनदा जोराने ब्रेक दाबून पाहिला. नंतर घरून नेलेले नातीचे बालआसन मागच्या सीटवर आयसोफिक्सच्या कड्यांत अडकवून हलवून पाहिले. पक्के बसले. विक्रेता कुतूहलाने ते सारे बघत होता. असे कोणी करताना त्याने पूर्वी पाहिले नव्हते म्हणे. गाडी नोंदवली आहे, आणि रंगाचा निर्णय सौभाग्यवतींकडे सोपवला आहे.