दस्तरखान सगळ्यांसाठी

भाचीच्या वलीम्यात एका मुलाच्या अम्मीने वाढप्याला विचारलं, "हलीममध्ये गहू आहे का?" तो म्हणाला, "नाही, गोश्त आहे." मुलाला सिलिॲक, म्हणजे गहू चालतच नाही. रात्रभर त्याचं पोट दुखलं. चूक आम्हा यजमानांची होती.

बुफेत पदार्थ दिसतो, आतले जिन्नस दिसत नाहीत. कोरम्यात काजू, बिर्यानीत दही, कबाबात पाव, शिरखुर्म्यात दूध, शेवया आणि सुकामेवा. म्हणून दावत देतानाच विचारा, "कुणाला काही चालत नाही का?" बावर्चीकडून जिन्नस लिहून घ्या. प्रत्येक भांड्यापुढे चिठ्ठी आणि वेगळा डाव ठेवा. अशा मेहमानांसाठी साधा भात आणि त्यांना चालेल असं सालन आधीच बाजूला काढा. गोश्त हलाल असल्याची खात्री आपण करतोच. मेहमानाच्या तब्येतीचीही करूया.