ब्रेक दाबला की गाडी का थरथरते?

ताशी ७०-८०च्या वेगाने गाडी अगदी गुळगुळीत धावत असते. समोर टोलनाका दिसतो म्हणून आपण ब्रेकवर पाय ठेवतो आणि स्टिअरिंग हातात थरथरू लागते. पाय काढला की थरथर बंद. गाडी थांबते व्यवस्थित, म्हणून महिनोन्महिने तिकडे दुर्लक्ष होते. मग गॅरेजमध्ये नेल्यावर ऐकायला मिळते, ‘डिस्क वाकल्यात साहेब, चारही बदलाव्या लागतील.’ बहुतेक लहान गाड्यांना मागे डिस्क नसतातच, तिथे ड्रम असतात, हे ठाऊक असेल तर एवढ्यावरच निम्मा खर्च वाचतो.

चेन्नईपासून सुमारे ४० किलोमीटरवरचे श्रीपेरुंबुदूर हे रामानुजाचार्यांचे जन्मस्थान. २१ मे १९९१ रोजी राजीव गांधींची हत्या झाली तेही हेच गाव. आता ते मोटारींचे गाव आहे. याच तालुक्यात इरुंगट्टुकोट्टै येथे ह्युंदाईचा कारखाना आहे आणि १९९८ साली बाजारात आलेली सँट्रो तिथलीच. या परिसरात नोकरीला असलेले एखादे मराठी कुटुंब दिवाळीला गाडीने पुण्याला निघाले, तर घराजवळचाच राष्ट्रीय महामार्ग ४८ त्यांना बेंगळुरू, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर करत पुण्यात आणून सोडतो. अंतर अकराशे किलोमीटरहून अधिक. आणि प्रवासाच्या अगदी शेवटी, सगळे कंटाळलेले असताना, कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलाकडे जाणारा लांब उतार लागतो. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री याच उतारावर एका अवजड वाहनामुळे चाळीसहून अधिक गाड्यांचे नुकसान झाले होते. ब्रेकचे दुखणे अंगावर काढत असा उतार उतरण्यात शहाणपण नाही.

दुखणे कुठे आहे याचा अंदाज आपला आपल्यालाही घेता येतो. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांत असतो. सीट आणि पायाखालची जमीन थरथरत असेल तर मागच्या चाकांचा संशय घ्यावा. कोरड्या, सरळ, पूर्ण मोकळ्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या वेगात हँडब्रेकचे बटण दाबून धरून तो हळूच ओढून पाहावा. मागे ड्रम असलेल्या गाडीत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. तेवढ्यानेही थरथर जाणवली तर ड्रमची गोलाई बिघडली असावी. ब्रेक न दाबताही गाडी थरथरत असेल तर आधी टायर आणि व्हील बॅलन्सिंग तपासा.

आता त्या ‘वाकलेल्या’ डिस्कबद्दल. डिस्क ही बिडाची जाड थाळी. ती वाकण्याचे प्रसंग फार थोडे. खरा दोष बहुतेक वेळा वेगळाच असतो. तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. दोन शतांश मिलिमीटरचा फरक, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी, हाताला जाणवायला पुरतो. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात लहान गाडीचे चाक सेकंदाला साधारण तेरा वेळा फिरते. जाड भाग पॅडमध्ये आला की तितक्याच वेळा पॅड मागे ढकलले जातात, ब्रेक ऑइलला धक्का बसतो आणि पेडल पायाखाली धडधडते.

हा फरक पडतो कसा? हबवर गंज चढला असेल किंवा चाकाचे नट कमीजास्त आवळले गेले असतील, तर डिस्क किंचित तिरकी बसते. मग ब्रेक न दाबताही प्रत्येक फेरीत तिचा एकच भाग पॅडला घासत राहतो आणि हजारो किलोमीटरनंतर तिथे पातळ होतो. म्हणूनच पंक्चरवाल्याने पान्यावर उभे राहून आवळलेल्या नटांचा त्रास कित्येक महिन्यांनी सुरू होतो. तोवर ते पंक्चर कोणाच्या लक्षातही नसते!

दुसरे कारण आपल्या पायाचे. घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरला की डिस्क भाजून निघते. तशाच अवस्थेत गाडी थांबवून पाय दाबून ठेवला तर पॅडचा मसाला एका जागी डिस्कला चिकटतो. घाटात खालचा गिअर टाकावा आणि थांबल्यावर पुढे थोडी जागा असेल तर गाडी जराशी सरकू द्यावी. तापलेल्या चाकांवर थंड पाण्याचा पाइप तर मुळीच सोडू नये.

गॅरेजमध्ये ‘डिस्क बदला’ असे सांगू नका. ‘मोजून दाखवा’ असे सांगा. मायक्रोमीटरने जाडी सात-आठ ठिकाणी मोजता येते आणि डायल गेजने डिस्कचे डगमगणे कळते. किमान किती जाडी हवी ते बहुतेक डिस्कवरच कोरलेले असते. त्यापेक्षा पुरेशी जाडी शिल्लक असेल तर लेथवर सफाई करून काम भागते. नसेल तर पुढच्या दोन्ही डिस्क जोडीनेच बदलाव्यात, पॅडही नवे घालावेत. पण हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढलाच पाहिजे. गंजक्या हबवर बसवलेली नवी डिस्कही काही महिन्यांत तीच तक्रार घेऊन येते आणि खर्च पाण्यात जातो. बिघडलेला ड्रमही लेथवर दुरुस्त होतो. झिजलेले बुश आणि बॉल जॉइंट थरथर वाढवतात, तेही पाहून घ्यावेत.

एक गोष्ट मात्र दोष समजू नका. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. अशा गाडीत जोराने ब्रेक दाबला की पेडल टरटरते. घाबरून पाय उचलायचा नाही, दाबूनच ठेवायचा.

गाडी एका बाजूला ओढत असेल, लोखंड घासल्याचा आवाज येत असेल, पेडल खोल जात असेल किंवा एकाच चाकाला करपल्याचा वास येत असेल, तर पुढे चालवू नका. टो करून न्या.

नवे पॅड लगेच पूर्ण पकड घेत नाहीत. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर सौम्य ब्रेकिंग करावे लागते, म्हणून हे काम निघण्याच्या आदल्या दिवसावर ठेवू नका. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने आवळून घ्या आणि पन्नास-साठ किलोमीटर चालवल्यावर त्याच पान्याने पुन्हा एकदा तपासून घ्या.